‘गुलाब’ चक्रीवादळाचं ‘शाहीन’ झालं ते कसं
चक्रीवादळ जमिनीवर आलं की का मरतं, या प्रश्नावर दोघांनी लिहिलंय की डोंगर आणि झाडी वाऱ्याला अडवतात म्हणून. अर्धंच बरोबर. घर्षणाने जमिनीलगतचा वारा मंदावतो हे खरं, पण मुख्य मार बसतो तो इंधनाचा. चक्रीवादळ चालतं कोमट समुद्राच्या वाफेवर. वर जाऊन त्या वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते, तीच त्याला फिरतं ठेवते. किनारा ओलांडला की खालून वाफ बंद. मग पुढे सपाट मैदान का असेना, ते ढेपाळतंच.

मात्र ढेपाळतो तो वारा, पाऊस नव्हे. सप्टेंबर २०२१ मधलं ‘गुलाब’ आठवतंय? २६ तारखेला आंध्रात कलिंगपट्टणमजवळ धडकलं, दुसऱ्याच दिवशी वादळ म्हणायच्या लायकीचं उरलं नाही. तरी मराठवाड्यात असं कोसळलं की मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. तेच अवशेष गुजरातवरून अरबी समुद्रात उतरले, तिथे पुन्हा वाफ मिळाली आणि ३ ऑक्टोबरला ‘शाहीन’ या नव्या नावाने थेट ओमानवर जाऊन आदळले.