‘बार’ या इंग्रजी शब्दाची नोंद एक करावी की अनेक?

फोंड्याची शिक्षिका
उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी पारिभाषिक शब्दांची एक छोटी सूची मी तयार करीत आहे. ‘बार’ हा शब्द हवामानाच्या धड्यात दाबाचे एकक म्हणून येतो, भूगोलात नदीमुखाशी साचलेल्या वाळूसाठी येतो आणि न्यायव्यवस्थेच्या धड्यात वकीलवर्गासाठी. पणजीच्या रस्त्यांवरचा अर्थ विद्यार्थ्यांना शिकवावा लागत नाही. या सर्वांचे मूळ एकच आहे काय?

मुरगावकर
दाबाचे एकक प्रथम वेगळे काढावे. ते वजन या अर्थाच्या ग्रीक ‘बारोस’वरून, म्हणजे बॅरोमीटरच्या घराण्यातून आले आहे. १ बार म्हणजे १,००,००० पास्कल. त्याचे भाषांतर करू नये. उरलेले अर्थ मात्र दांडा किंवा अडसर या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापाशी जातात. भूगोलातील ‘वाळूचा दांडा’ हा प्रतिशब्द म्हणूनच मला फार नेमका वाटतो, आणि त्याचे उदाहरण आपल्या दारातच आहे: आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी असलेल्या उथळ दांड्यावर पावसाळ्यात लाटा फुटू लागल्या की तो मार्ग धोक्याचा होतो, आणि त्यामुळे खनिजवाहू बार्ज त्या काळात कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरून मुरगाव बंदर गाठत आले आहेत. (‘बार्ज’चा ‘बार’शी काही संबंध नाही, विद्यार्थी हमखास विचारतील.)

पणजीतील एक वकील
न्यायालयातील ‘बार’ म्हणजे मुळात न्यायासन आणि उरलेले दालन यांमधील कठडा. पुढे त्याच्याशी उभे राहून युक्तिवाद करणाऱ्यांनाच ते नाव मिळाले. तेथे ‘वकीलवर्ग’ योग्य आहे. परंतु १९६१च्या अधिवक्ता कायद्याखालील ‘बार कौन्सिल’ हे संस्थेचे नाव असल्याने ते तसेच ठेवावे. मुदत कायद्याच्या संदर्भात याच शब्दाचा अर्थ ‘बाधा’ असा होतो, म्हणून मुदतीची बाधा आलेल्या दाव्याला आपण ‘मुदतबाह्य’ म्हणतो. मद्यालयाचे नावही ग्राहक आणि विक्रेता यांमधील आडव्या फळीवरूनच पडले आहे.

मडगावचा व्हायोलिनवादक
सूचीत संगीत घेणार असाल तर एक विनंती आहे. पाश्चात्त्य स्वरलेखनातील दोन उभ्या रेघांमधल्या मात्रागटाला ‘बार’ म्हणतात, आणि त्यासाठी अनेकजण ‘आवर्तन’ लिहितात, ते मला पटत नाही. आवर्तन समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून, पुढच्या समेपर्यंत चालते; त्रितालात ते १६ मात्रांचे असते आणि त्यात ४ मात्रांचे ४ विभाग पडतात. त्यामुळे ‘बार’ला ‘विभाग’ अधिक जवळचा आहे. मांडो या गोव्याच्या गीतप्रकाराच्या लिखित प्रतीवर त्या रेघा दाखवल्या, तर मुलांना हे लगेच उमगेल.