स्वतःच्या डावाचे विश्लेषण : आधी वही की आधी इंजिन?

मूळ मत : शिक्षक, आर्वी तालुका, जि. वर्धा

आमच्या शाळेत संध्याकाळी बुद्धिबळाला बसणारी मुले डाव संपताच तो मोबाइलवर स्टॉकफिशला, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणकीय इंजिनाला, दाखवतात, कोणती चाल चुकली ते पाहतात आणि लगेच नवा डाव मांडतात. या सवयीला माझा स्पष्ट विरोध आहे. हरलेला डाव आधी वहीत उतरवावा, अवघड जागी आपण काय पाहिले आणि कोणती चाल आपल्या विचारातच आली नाही हे लिहावे, आणि मगच इंजिन उघडावे.

माझेच उदाहरण देतो. दोघांकडे एकेक हत्ती, प्रतिस्पर्ध्याकडे मधले एक प्यादे जास्त आणि माझा राजा त्या प्याद्याच्या वाटेत, अशी स्थिती होती. मी हत्ती पहिल्या ओळीत बचावाला खिळवून ठेवला आणि हरलो. तीन संध्याकाळी पट मांडून बसल्यावर उलगडा झाला. हत्ती आपल्याकडून तिसऱ्या ओळीत आडवा ठेवला असता, तर प्रतिस्पर्ध्याचा राजा पुढे येऊच शकला नसता. आणि त्याने प्यादे त्या ओळीत ढकलले असते, तर राजाला आडोसा देणारे प्यादेच पुढे निघून गेल्यामुळे, हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह देत राहता आले असते आणि डाव बरोबरीत सुटला असता. फ्रेंच खेळाडू फिलिदोर यांनी हा बचाव अठराव्या शतकातच दाखवला होता, हे मला नंतर वाचनात आढळले. इंजिनाने त्या जागी फक्त बरोबरीचा अर्थ असलेला शून्याचा आकडा आणि एक चाल दाखवली असती. विश्वविजेते मिखाईल बोटविनिक हेही स्वतःच्या डावांच्या विश्लेषणावर भर देत असत.

प्रतिसाद : संत्रा बागायतदार व खेळाडू मुलीचे वडील, वरुड तालुका, जि. अमरावती

सर, आपला आदर राखून असहमती नोंदवतो. बोटविनिक केवळ विश्लेषण करून थांबत नव्हते. ते छापून इतरांच्या टीकेसमोर ठेवावे, असाही त्यांचा आग्रह होता, कारण आपली चूक आपल्याच नजरेला दिसेल याची खात्री नसते. आमच्या गावात माझ्या मुलीच्या वहीवर टीका करणारा कोण आहे? २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकणारी दिव्या देशमुख नागपूरची आहे याचा आम्हाला अभिमान आहे, परंतु नागपुरात मिळणारा प्रशिक्षक आमच्या खेड्यापर्यंत येत नाही. स्टॉकफिश मात्र विनामूल्य आहे आणि रात्री दहालाही उत्तर देते. मुलीने वहीत आठवडाभर ‘हा घोड्याचा बळी योग्य होता’ असे लिहून ठेवले होते. इंजिनाने दोन चालींत त्याचे खंडन केले. तो आठवडा चुकीची गोष्ट पक्की करण्यातच गेला.

प्रतिसाद : महाविद्यालयीन विद्यार्थिनी, चिमूर तालुका, जि. चंद्रपूर

दोघांच्याही म्हणण्यात प्रतिस्पर्धी कुठेच नाही, याचे मला आश्चर्य वाटते. डाव संपल्यावर समोरच्याला ‘येथे तुम्हाला कशाची भीती होती?’ असे विचारले, तर जे कळते ते वहीतही नसते आणि इंजिनातही नसते. ज्या डावात मी किल्लेकोट (राजाला हत्तीच्या आडोशाला नेण्याची चाल) उशिरापर्यंत पुढे ढकलला होता, त्या डावात मी हल्ल्याची तयारी करत आहे असे माझ्या प्रतिस्पर्ध्याला वाटत होते. प्रत्यक्षात मी घाबरले होते.

मूळ लेखकाचे उत्तर

वरुडच्या दादांनी बोटविनिक यांच्या आग्रहाचा जो दुसरा अर्धा भाग सांगितला, तो मी वगळला होता आणि ती माझी चूक आहे. बळी आणि शह यांच्या हिशेबात माणूस फसतो, म्हणून तेथे वही आठवडाभर एकटी ठेवू नये, त्याच रात्री इंजिनाने तपासावी, एवढे मी मान्य करतो. क्रम मात्र सोडणार नाही. ताईंची सूचनाही घेतो. सोमवारपासून डाव संपल्यावर दोन्ही मुले पटावरून न उठता एकाच वहीत, एकेका पानावर, आपापले विचार लिहितील आणि मोबाइल तोपर्यंत माझ्या टेबलावर राहील.

प्रतिसाद : वरुड

वहीची दोन पाने येथे टाका, सर. माझी मुलगी इंजिन न उघडता आधी तिचे मत देईल.