डिझेल सांडलेल्या जागी कर्ब (कार्बन) वाढला, पण मका पिवळा. असं का?

रानवाट: विहिरीवरच्या इंजिनाजवळ साधारण 20 लिटर डिझेल 10 चौरस मीटर काळ्या रानात मुरलंय. माती परीक्षणात तिथला सेंद्रिय कर्ब 0.9 टक्के, शेजारी 0.5. कर्ब जास्त म्हणून शिफारस आली, 'नत्र कमी द्या'. मका मात्र पिवळा, पाणीही वरूनच वाहून जातं. जीवामृत (शेण, गोमूत्र, गुळाचं आंबवण) ओतू का?

मातीतज्ज्ञ: तो वाढीव कर्ब डिझेलचा आहे, ह्यूमसचा (कुजलेल्या काडीकचऱ्याचा) नाही. कर्ब मोजायच्या डायक्रोमेट चाचणीत तेलाचा काही भागही मोजला जातो, त्यामुळे ती शिफारस इथे उलटी पडते. डिझेलमध्ये नत्र जवळपास नसतंच. ते खाणारे स्यूडोमोनास, ऱ्होडोकॉकससारखे जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि मका उपाशी राहतो.

हिशोब असा: 20 लिटर म्हणजे साडेसोळा किलो डिझेल, त्यात 14 किलो कार्बन. जिवाणूंसाठी कार्बन, नत्र, स्फुरद (फॉस्फरस) 100:10:1 धरलं तर 3 किलो युरिया आणि 2 किलो सिंगल सुपर फॉस्फेट. सुपर एकदम द्या. युरिया अर्धा-अर्धा किलो, तीन-तीन आठवड्यांनी. एकदम टाकला तर क्षार वाढून जिवाणूच मार खातात. चुनखडीच्या जमिनीत वर फेकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो, म्हणून कुदळीने मिसळा.

वाफसा: दादा, खतापेक्षा हवा आधी. एक किलो डिझेल पूर्ण कुजायला साडेतीन किलोच्या आसपास ऑक्सिजन लागतो. तो संपला की जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर येतात, मग मँगनीज, लोह, शेवटी सल्फेट. सल्फेटवर आले की सडक्या अंड्यासारखा वास येतो; तो आला तर पाणी जास्त झालंय. दर 15 दिवसांनी वाफशावर (माती ना चिखल ना कोरडी असताना) फूटभर खणा. चिखलात खणलंत तर ढेकळं होतात, आत हवाच जात नाही.

जीवामृतातला गूळ जिवाणूंना सोपा, डिझेल बाजूलाच राहतं. टेरी या संशोधन संस्थेचं ऑइलझॅपर (तेल खाणाऱ्या जिवाणूंचं मिश्रण) रिफायनरीच्या तेलकट गाळासाठी ठीक. एवढ्याशा जागेला मातीतलेच जिवाणू पुरतात.

रानवाट: आणि साबणाच्या पाण्याने धुतलं तर?

मातीतज्ज्ञ: अजिबात नको, तेल सुटून विहिरीकडे उतरेल. (इंजिनाचं जळकं ऑइल असतं तर माती उचलायलाच सांगितलं असतं, त्यातले जड धातू कुजत नाहीत.) पेरणीआधी कोरड्या ढेकळावर पाण्याचा थेंब ठेवा. पाच सेकंदांत मुरला नाही तर कणांवर अजून तेलाचा थर आहे. मुरला तर 20 मेथीदाणे तिथल्या मातीत, 20 शेजारच्या मातीत टाकून उगवण ताडून बघा.