शनिवारवाड्याची रात्रसहल : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-५०४ : सर्वांना नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आपल्या इमारतींमधील आठवी ते बारावीच्या मुलांसाठी 'पुण्यातील झपाटलेल्या जागा' या विषयावर रात्रीची सहल काढावी, असे आम्हा काही पालकांच्या मनात आहे. मुले सध्या गुन्ह्यांच्या सत्यकथा आणि भुताच्या जागांचे व्हिडिओ एकामागून एक पाहत असतात. तेच पाहायचे तर घराबाहेर पडून, मोठ्यांच्या सोबतीने पाहावे, एवढाच हेतू आहे. अमावास्येच्या रात्री शनिवारवाड्यासमोर थांबून नारायणराव पेशव्यांची 'काका, मला वाचवा' ही हाक ऐकू येते का ते पाहायचे आणि परतताना जोशी-अभ्यंकर हत्याकांड जिथे घडले त्या भागातून फिरून यायचे, असा बेत आहे. सूचना अवश्य कळवाव्यात.

सी-२०३ : कल्पना आवडली. आमची मुलगी नक्की येईल.

ए-७०१ : ताई, सहलीला माझा विरोध नाही आणि मुलांना गुन्ह्यांच्या हकिकती ऐकाव्याशा वाटतात यातही मला काही गैर दिसत नाही. माझा आक्षेप रात्रीला आणि त्या हाकेला आहे. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, भर दुपारी झाला. थकलेल्या पगाराची तक्रार घेऊन गारदी, म्हणजे पगारी शिपाई, वाड्यात घुसले; अवघ्या अठरा वर्षांचे पेशवे चुलत्यांच्या, म्हणजे रघुनाथरावांच्या, दालनाकडे धावले आणि त्यांना मिठी मारून प्राणांची भीक मागू लागले. तुळाजी पवाराने त्यांना ओढून बाजूला केले आणि सुमेरसिंग गारद्याने वार केले. धन्याला वाचवायला मध्ये पडलेला चापाजी टिळेकर हा सेवकही तिथेच मारला गेला आणि वाड्यातील आणखी काही माणसे त्या धुमश्चक्रीत प्राणांना मुकली. भुताच्या गोष्टीत या माणसांना कुठेही जागा नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शिवाय ज्या दालनात हे घडले ते आज अस्तित्वातच नाही. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत वाड्याचे लाकडी मजले भस्मसात झाले. उरली ती तटबंदी, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद. मुलांना काही दाखवायचेच असेल तर नारायण दरवाजा दाखवावा, कारण नारायणरावांचा मृतदेह तिथून बाहेर नेला असे परंपरेने सांगतात आणि दरवाजाचे नावही त्यावरूनच पडले आहे. तिथे दिवसाउजेडी उभे राहिले, तर राजवाड्यातील खून कसा पचवला जातो याचा विचार करायला अधिक वाव मिळेल.

बी-५०४ : काका, आपले म्हणणे पटते, परंतु हाकेची गोष्ट नसती तर किती मुलांनी नारायणरावांचे नाव तरी ऐकले असते? भीतीच्या निमित्ताने का होईना, मुले इतिहासाकडे वळत असतील, तर ते निमित्त आपण काढून का घ्यावे?

ए-७०१ : प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. हाकेच्या गोष्टीला माझी हरकत तिथे आहे, जिथे ती संपते. ऐकणाऱ्याला वाटते की खून झाला, आत्मा भटकत राहिला आणि विषय मिटला. प्रत्यक्षात खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली. रघुनाथराव गादीवर आले, तरी न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी कित्येक आठवडे खुनाचा तपास केला आणि खुद्द पेशव्यांना दोषी ठरवून, देहान्त प्रायश्चित्तावाचून या पापाला दुसरे प्रायश्चित्त नाही, असे त्यांना तोंडावर सांगितले. ज्याच्या हाती सारी सत्ता होती त्यालाच हे सुनावून त्यांनी पद सोडले आणि पुणेही सोडले. पुढे बारभाईंनी, म्हणजे एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, रघुनाथरावांना पदच्युत केले, १७७४ मध्ये पुरंदरावर नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव यांचा जन्म झाला आणि रामशास्त्री सन्मानाने परत आले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना आवडावा असा याहून मोठा प्रसंग आपल्या शहराच्या इतिहासात मला तरी दिसत नाही. आणि नेमका तोच आपण त्यांना सांगत नाही.

हुकमातील 'धरावे'चे 'मारावे', म्हणजे 'ध'चा 'मा', केल्याची गोष्टही सांगावी, पण रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनीच तो बदल केला याचा निर्विवाद पुरावा नाही, हेही त्याच दमात सांगावे. संशय आणि सिद्ध झालेला दोष यांतला फरक मुलांना तिथेच कळेल.

ए-१०२ : मी फारसे लिहीत नाही, पण जोशी-अभ्यंकर प्रकरणाचे नाव वाचून राहवले नाही. १९७६ ते १९७७ या काळातले पुणे मी पाहिलेले आहे. अंधार पडण्यापूर्वी माणसे घरी परतत, दाराला आतून जादा कडी लावत आणि ओळखीचा आवाज ऐकल्याखेरीज कुणी दार उघडत नसे. दहा माणसे मारली गेली आणि मारणारे कोण, तर अभिनव कला महाविद्यालयात शिकणारे तरुण! शेवटच्या खुनातील मृतदेह बंडगार्डनजवळ नदीत सापडला, पोलिसांना मित्रांच्या जबाबांत विसंगती आढळली, एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आली. मारल्या गेलेल्यांचे नातेवाईक याच शहरात राहत असतील. रात्री मुलांचा घोळका त्यांच्या जुन्या घरासमोर मोबाईल उंचावून उभा राहिला, तर त्यांना काय वाटेल, याचा कृपया विचार करावा. तपास कसा लागला हे आपल्या क्लबहाऊसमध्ये बसून सांगता येईल. त्यासाठी कुणाच्या दारात जाण्याची गरज नाही.

सी-४०६ : आजींशी पूर्ण सहमत आहे. मी मूळची परभणी जिल्ह्यातली असल्याने आणखी एक प्रकरण सुचवते. मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात लहान मुली आणि स्त्रियांचे खून झाले. गुप्तधनावर मुंजाचा पहारा आहे आणि त्याला रक्त दिल्याखेरीज धन हाती लागणार नाही, ही समजूत त्यांच्या मुळाशी होती. मुंबईहून आलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी त्याचा छडा लावला. खुनानंतर भुताची गोष्ट तयार होते असे आपण समजतो. मानवतला आधी भुताची गोष्ट होती आणि मग खून झाले. मुलांना 'झपाटलेल्या जागा' म्हणून काही दाखवण्यापूर्वी हे त्यांना ठाऊक असायला हवे, असे मला फार वाटते.

सी-२०३ : राजस्थानातील भानगड किल्ल्यावर तर पुरातत्त्व खात्यानेच रात्री जाण्यास बंदी घातली आहे, असे मुले सांगतात. म्हणजे काहीतरी असेलच ना?

ए-७०१ : ताई, त्या फलकावर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी प्रवेश निषिद्ध असल्याचे लिहिले आहे, भुताचा उल्लेख त्यावर नाही. केंद्राची संरक्षित स्मारके एरवी सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ खुली ठेवावीत, असे १९५९ च्या नियमांतच आहे. पडक्या भिंती, उघड्या विहिरी आणि रानातली जनावरे एवढे कारण त्या बंदीला पुरेसे आहे.

सी-४०६ यांचा संदेश वाचून मला आणखी एक थांबा सुचवावासा वाटतो. शनिवारवाड्यापासून चालत काही मिनिटांवर ओंकारेश्वराजवळचा महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना तिथे गोळ्या घातल्या गेल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटत होते त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि वर्षअखेरीस कायदा झाला. खटल्याचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडले. दोघांना जन्मठेप झाली आणि तिघांची निर्दोष मुक्तता झाली. नारायणरावांच्या खुनाचा तपास आठवड्यांत झाला, दाभोलकरांच्या खुनाच्या निकालाला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. मुलांनी याची कारणे विचारली, तर त्यांना उत्तरे देण्याची तयारी आपण पालकांनी ठेवली पाहिजे.

बी-५०४ : काका, आजी, ताई, आपल्या सर्वांचे आभार. रात्रीचा बेत मी मागे घेते. 'झपाटलेल्या जागा' हे नावही बदलून 'पुण्यातील खून आणि त्यांचा तपास' असे ठेवू या. हाकेची गोष्ट मात्र मुलांना सांगू द्यावी. ती त्यांनी सांगावी आणि पुढची हकिकत काकांनी सांगावी.

सचिव : चर्चेनुसार सहल रविवारी सकाळी साडेआठला निघेल. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी सुरुवात होईल, नंतर नारायण दरवाजा आणि शेवटी ओंकारेश्वर परिसर असा क्रम राहील. पुलावर रहदारी असते, त्यामुळे तिथे घोळक्याने थांबू नये. दाभोलकर प्रकरणाची माहिती मंदिराच्या बाजूलाच सांगावी. जोशी-अभ्यंकर आणि मानवत या प्रकरणांवर संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये बोलणे होईल व त्याला फक्त दहावीच्या पुढील मुलांनी, पालकांच्या संमतीने, बसावे. नावे शुक्रवारपर्यंत बी-५०४ यांच्याकडे द्यावीत.