मदत हवी आहे: लास वेगासच्या कॅसिनोतला नवा टिकी बार

पुढच्या महिन्यात लास वेगासला जातोय. ज्या रिसॉर्टमध्ये उतरणार आहोत तिथे कॅसिनोच्या आतच नवा टिकी बार (पॉलिनेशियन बेटांच्या थाटाचा, रमच्या कॉकटेलांचा बार) उघडलाय. आम्ही चौघं: मी, बायको (बदामाची ॲलर्जी), शाकाहारी सासूबाई आणि १९ वर्षांची मुलगी. रमची ओळख ओल्ड मंकपुरतीच. काय मागवावं, काय टाळावं? कॅसिनोत पेय फुकट असतं म्हणतात, ते इथेही का?

नेवाडाकर:
आधी मुलीचं. नेवाडात २१ वर्षांखालच्यांना कॅसिनोच्या फ्लोअरवरून चालत पलीकडे जाता येतं, रेंगाळता येत नाही. बारमध्ये नुसतं सरबत प्यायलाही बसू देत नाहीत. तिच्यासाठी वेगळा बेत ठेवा. बाकीच्यांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. आधार कार्ड किंवा मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही.

फुकट पेय मिळतं ते मशीनवर किंवा टेबलावर खेळत असताना. तेव्हाही आणून देणारीला दर पेयामागे १-२ डॉलर टिप द्यायची. टिकी बारमध्ये बिल येणारच: वर ८.३७५ टक्के विक्रीकर आणि १८-२० टक्के टिप. बिलात 'ग्रॅच्युइटी'ची ओळ आधीच आहे का ते बघा, नाहीतर टिप दोनदा जाते.

रमरसिक:
वहिनींनी माय ताय या रमच्या कॉकटेलला हात लावू नये. त्यात ऑर्जा म्हणजे बदामाचं सरबत असतंच. फॅलर्नम या लवंग-आल्याच्या सिरपमध्येही बऱ्याचदा बदाम असतो. नुसतं "नट्स आहेत का" विचारलं तर घाईत "नाही" म्हणून मोकळे होतात, म्हणून या दोन्ही सिरपांची नावं घेऊन विचारा. साधी डायकिरी (रम, लिंबू, साखर) मागवा, धुतलेल्या शेकरमध्ये करायला सांगा.

तुम्ही मात्र माय ताय जरूर घ्या. टिकी बारवाल्या ट्रेडर विकच्या १९४४च्या कृतीत ६० मिली मुरलेली रम, ताज्या लिंबाचा रस, १५ मिली ऑरेंज कुरासाव (संत्र्याच्या सालीचं गोड मद्य), थोडं ऑर्जा आणि पाक. अननसाचा रस अजिबात नाही. मेनूत अननस दिसला तर ते नुसतं गोड प्रकरण समजा.

झॉम्बी हे कॉकटेल जपून. टिकी बारची सुरुवात करणाऱ्या डॉन बीचकोंबरच्या जुन्या कृतीत १२० मिली रम, त्यातली ३० मिली ७५.५ टक्के अल्कोहोलची. ओल्ड मंकच्या हिशोबात ३० मिलीचे साडेचार पेग एका ग्लासात! दालचिनी आणि ग्रेपफ्रूटमुळे ते जाणवत नाही. अनेक बार माणशी दोनच देतात. माझ्या मते एकच पुरे.

वर पेटवलेली लिंबाची साल आली तर फुंकर मारू नका, पेटती रम उडते. सर्व्हरला विझवायला सांगा, मगच स्ट्रॉ लावा.

नेवाडाकर:
सासूबाईंसाठी: पुपू प्लॅटर (स्टार्टर्सचं मिश्र ताट) म्हणजे बहुतेक डुक्कर आणि कोळंबी, रंगून या तळलेल्या पुडीत खेकडा. फ्राइड राइसमध्ये फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस आहे का, आणि तळणीचं तेल वेगळं आहे का, हे दोन्ही विचारा. खात्री पटली नाही तर जेवून जा.

धागाकर्ता:
खूप आभार! तिघांत एक स्कॉर्पियन बोल (एकाच वाडग्यातून सगळ्यांनी प्यायचं रमचं कॉकटेल) घेतला तर?

रमरसिक:
नको. त्यातही ऑर्जा असतं, आणि बोल एकच असल्याने वहिनींना बाजूला काढून देता येत नाही.