६२ मार्क, ग्रेड 'सीडी' : पेढे वाटायचे की नाही?

माझा भाचा एका आयआयटीत पहिल्या वर्षाला आहे. डिसेंबरात पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला. गणितात १०० पैकी ६२, आणि समोर ग्रेड 'सीडी'. बहिणीचा फोन आला, "अगं, ६२ म्हणजे फर्स्ट क्लास ना? मग हा जेवत का नाहीये?"

तिला समजावता समजावता माझीच दमछाक झाली. तिथे एए म्हणजे १० ग्रेड पॉइंट, एबी म्हणजे ९, असं उतरत उतरत सीडी म्हणजे ५ आणि डीडी म्हणजे ४. त्याखाली नापास. ६२ ला ५ पॉइंट, कारण वर्गातल्या बहुतेकांना त्याहून बरेच जास्त पडले. आमचं घर ३५ ला पास, ६० ला फर्स्ट क्लास, ७५ ला डिस्टिंक्शन या पाढ्यावर वाढलेलं. "किती मार्क पडले?" या प्रश्नाला सरळ उत्तरच नसतं, हे बहिणीच्या काही केल्या पचनी पडेना.

म्हणून हा धागा. मार्क कमी पडले असतील, केटी लागली असेल, वर्ष गेलं असेल, किंवा मार्क बरे असूनही रिलेटिव्ह ग्रेडिंगने (म्हणजे वर्गाच्या तुलनेत ग्रेड देण्याने) आपटलं असेल, तर लिहा. निकाल लागला त्या संध्याकाळी काय केलंत, घरी काय सांगितलंत आणि पुढे ते मार्क कुठे आडवे आले, एवढंच हवंय. उपदेश नको. 'मार्क म्हणजे आयुष्य नव्हे' असं लिहिणाऱ्याला उत्तर मिळणार नाही. कॉलेजचं नावही घेऊ नका.

पीएमटी पास

१९९७, पुणे, मेकॅनिकल, सेकंड इयर. एम-थ्रीने, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरने, घात केला एवढं म्हटलं की पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्यांना पुढचं सांगावं लागत नाही. पासिंग ४०, मला ३१. ग्रेसच्या हाताला लागण्यातले नव्हतेच. त्यात आधीचे बॅक, म्हणजे राहिलेले विषय, धरून वायडी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : इयर डाउन. वर्ष घरी.

त्या संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं, "ऑल क्लिअर." आईने शिरा केला. तो मी खाल्ला, दोनदा घेतला.

पुढचे सहा आठवडे रोज नऊला डबा घेऊन निघायचो आणि संभाजी पार्कात बसायचो. पाऊस आला की कुठल्यातरी वाचनालयात. नाटक छान चाललं होतं, पण बसचा विद्यार्थी पास संपला. नव्या पासला कॉलेजचं बोनाफाईड लागतं. बाबा रोज विचारायचे, "बोनाफाईड आणलंस का?" मी रोज म्हणायचो, क्लार्क रजेवर आहे. अकराव्या दिवशी बाबा म्हणाले, "क्लार्क मेला की काय?" तेव्हा मला रडू फुटलं.

बाबा ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी भोसरीला मित्राच्या वर्कशॉपवर नेऊन सोडलं, "वर्षभर इथे ये." लेथवर उभा राहिलो. आता वाचणाऱ्यांना वाटेल, तिथे मला खरं शिक्षण मिळालं वगैरे. तसलं काही नाही. एम-थ्रीतलं लाप्लास मला भोसरीत कळलं नाही, सदाशिव पेठेतल्या क्लासमध्ये फी भरून कळलं. पुढच्या परीक्षेला ५८ पडले. भोसरीत मायक्रोमीटर बरा वाचायला शिकलो आणि तंबाखूही शिकलो, ती सुटायला नऊ वर्षं गेली.

मार्क आडवे आले का? कॅम्पस इंटरव्ह्यूला आले, 'वायडी चालणार नाही' असा नियम होता. त्यानंतर कुणीही विचारलं नाही. बाबा मात्र अजून कुणी रजेवर आहे म्हटलं की माझ्याकडे बघतात.

लातूर एक्स्प्रेस

भाच्याला सांगा, माझ्याकडे दोन डीडी होते.

लातूर पॅटर्नचं पोर मी. बारावीला गणितात १०० पैकी १००, कॉलेजबाहेरच्या फ्लेक्सवर फोटो. आयआयटीत पहिल्या क्विझला २० पैकी ४. मला वाटलं पेपरच अवघड होता. शेजारच्याला १७ होते आणि तो चिडला होता.

तिथे 'आरजी' हा शब्द शिकलो. रिलेटिव्ह ग्रेडिंगचा आरजी, पण वापरतात क्रियापदासारखा : अमक्याने आरजी मारली. म्हणजे आपली ग्रेड वर जावी म्हणून दुसऱ्याला मागे ठेवणं. रात्री तीनपर्यंत वाचून सकाळी "काहीच झालं नाही रे माझं" म्हणणं ही सौम्य आरजी. ग्रंथालयातलं पुस्तक भलत्याच कपाटात लपवून ठेवणं ही जहाल.

मला आरजीचा त्रास झाला असं लिहायला बसलो होतो, पण खरं ते लिहितो. तिसऱ्या सेमिस्टरला एका सीनियरकडून मागच्या चार वर्षांचे सोडवलेले पेपर मिळाले. हॉस्टेलच्या विंगमधल्या मित्राने विचारलं, "तुझ्याकडे काही आहे का?" मी नाही म्हटलं. मला बीबी मिळाला, त्याला सीसी. लातूरला आम्ही एकमेकांच्या वह्या झेरॉक्स करून वाटायचो, कारण तिथली स्पर्धा बाहेरच्या हजारोंशी असायची. इथे वर्गच बाहेरचा झाला.

त्याला अजून सांगितलेलं नाही. तो इथे वाचत असेल तर, हो, होते माझ्याकडे.

वाचनमात्र

माझा इथला पहिलाच प्रतिसाद. लंडनला मास्टर्स. पहिल्या निबंधाला ६४. खाली बाईंनी लिहिलेलं, "उत्तम, विचारपूर्वक लिखाण." मला वाटलं टोमणा आहे. तिकडे मास्टर्सला ७० च्या वर डिस्टिंक्शन, आणि ८० म्हणजे छापायला पाठवण्याच्या लायकीचं, हे कळेपर्यंत दोन महिने मी नापासाच्या चेहऱ्याने फिरत होते. नाशिकला आजी अजूनही सांगते, "पोरगी हुशार होती, लंडनला जाऊन बिघडली. ६४."

टीए झालेली टीए

माझं उलट झालं. अमेरिकेत पीएचडीच्या पहिल्या वर्षी थर्मोच्या मिडटर्मला १०० पैकी ४१. परतीचं तिकीट किती पडेल ते त्याच रात्री बघितलं. दोन दिवसांनी सरांनी फळ्यावर लिहिलं : सरासरी ३३, स्टँडर्ड डेव्हिएशन ११. म्हणजे मी सरासरीच्या वर. ए-मायनस. कर्व्हला, म्हणजे सरासरीवरून ग्रेड ठरवण्याच्या रीतीला, मी मनोमन नारळ फोडला.

पुढच्या सेमिस्टरला त्याच कर्व्हने दात दाखवले. सोपा कोर्स, मला ८८, वर्गाची सरासरी ९२. बी-मायनस. मास्टर्स-पीएचडीवाल्यांना बहुतेक ठिकाणी ३.० जीपीए राखावा लागतो, त्याखाली गेलं की प्रोबेशन, आणि माझी असिस्टंटशिप त्यावरच. बी-मायनस म्हणजे २.७. चाळिशीत मी हुशार आणि अठ्ठ्याऐंशीला धोक्यात!

नंतर टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून मीच पेपर तपासू लागले. दर निकालानंतर भारतातून नवीन आलेला कुणीतरी दारात उभा असायचा, चेहरा पडलेला, हातात ४५ चा पेपर. मी आधी सरासरी सांगायचे, मग बस म्हणायचे.

रेघवाले सर

इथपर्यंत सगळे रेघेखालचे बोलले. मी ग्रेडची रेघ मारणारा. एका स्वायत्त कॉलेजात वीस वर्षं शिकवतोय, स्वायत्तता मिळाल्यापासून रिलेटिव्ह ग्रेडिंग आहे.

मुलांना वाटतं संगणक करतो. संगणक फक्त यादी उतरत्या क्रमाने लावतो. पुस्तकातली रीत अशी : सरासरी काढा, सिग्मा (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे मार्क सरासरीपासून किती पसरलेत) काढा, सरासरीच्या वर दीड सिग्मा गेला की सर्वात वरची ग्रेड, मग अर्ध्या-अर्ध्या सिग्माने खाली या. हे चालतं मार्कांची घंटा झाली तर, म्हणजे बहुतेक मुलं सरासरीजवळ आणि दोन्ही टोकांना थोडी असली तर. शे-पाचशे मुलांत कधी होते. माझ्या वर्गात ६४. परवाच्या यादीत दोन उंचवटे होते, एक तिशीत, एक साठीत. उंटाची पाठ. सरासरी ४७, आणि ४५ ते ५० मध्ये एकही मूल नाही! म्हणजे ज्या आकड्याभोवती सगळ्यांच्या ग्रेड ठरणार, तिथे कुणी राहतच नाही.

म्हणून आम्ही बहुतेक जण यादीतल्या खिंडी बघतो. ६१, ६१, ६०, मग एकदम ५६. तिथे रेघ मारली तर कुणी भांडायला येत नाही. अडचण खिंड नसते तेव्हा. एका वर्षी रेघ ५४ वर आली आणि ५३ वर चौघं. त्यातली एक मुलगी केबिनबाहेर दोन तास उभी होती. "सर, एक मार्क." तिला देऊ तर चौघांना द्यायला हवा, आणि मग ५२ वाल्यांनी काय पाप केलं? मी चौघांचेही पेपर पुन्हा काढले. एकाची बेरीज चुकलेली सापडली, दोन मार्क वाढले. ती बेरीज त्या मुलीची नव्हती. जो कधी आलाच नाही, त्याची होती.

ही पद्धत आली कशाला, तेही सांगतो. एका वर्षी मी पेपर फार अवघड काढला, पुढच्या वर्षी सोपा, तर दोन्ही बॅचना न्याय कसा द्यायचा? त्याला हे उत्तर आहे, आणि मोठ्या वर्गात बऱ्यापैकी उत्तर आहे. पण अठरा मुलांच्या इलेक्टिव्हला (ऐच्छिक विषयाला) कर्व्ह लावणं ही शुद्ध फसवणूक आहे असं माझं मत. सगळे चांगले निघाले तर? कुणाला तरी ढकलायचं म्हणून ढकलायचं? मी आमच्या बैठकीत प्रिन्स्टनचं उदाहरण दिलं. तिथे २००४ मध्ये ए-श्रेणीच्या ग्रेड ३५ टक्क्यांच्या आत ठेवायचं ठरलं, आणि २०१४ मध्ये त्यांनीच ते मागे घेतलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा आला. इलेक्टिव्हला कर्व्ह अजून आहे.

तीन केट्या

सरांच्या बेरजेवरून. बीकॉमला अकाउंट्समध्ये ३१ पडले, पासिंग ४०. सगळे म्हणाले, "रिव्हॅल्युएशन टाक." वडील एसटीत कंडक्टर, हिशेबाला पक्के. ते म्हणाले, आधी फोटोकॉपी माग, आपण बघू. आली. शेवटच्या दोन पानांवर पेनाचा ठिपका नाही, म्हणजे तपासलीच नव्हती. मग अर्ज केला, ४४ झाले. तोपर्यंत केटीची परीक्षा फी भरून, देऊनही झाली होती. ती फी परत मिळाली नाही. मुद्दा एवढाच की आधी फोटोकॉपी. उरलेल्या दोन केट्या मात्र अस्सल माझ्याच.

आखनकर

जर्मनीत उलटी गंगा. १.० सर्वोत्तम, ४.० ला पास, ५.० नापास. भारतातले मार्क तिकडच्या मापात बसवायला बव्हेरियन फॉर्म्युला आहे, त्याने माझ्या ७१ टक्क्यांचं काय केलं ते सांगत नाही. पहिल्या सेमिस्टरला १.७ मिळाले तर सांगलीला आई म्हणाली, "असू दे, पुढच्या वेळी वाढतील."

वाढले. कंट्रोल थिअरीत ५.० आणि पुन्हा ५.० . आमच्या कोर्सला तीनच संधी. तिसऱ्यांदा गेलात तर कोर्समधून बाहेर, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. व्हिसा शिक्षणावर, म्हणजे पुढचं तुम्हीच जोडा. त्या चार महिन्यांत मी मराठी मंडळाच्या दिवाळीला जाऊन करंज्या खाल्ल्या, अंताक्षरीत 'ळ' वरून भांडलो, आणि कुणाला चकार शब्द बोललो नाही.

मिळाले ४.० . बरोबर काठावर. माझा जर्मन पार्टनर मला उचलून नाचला. त्यांच्यात एक गंमत आहे : चार म्हणजे पास, पास म्हणजे चांगलं, चांगलं म्हणजे दोन, आणि दोन म्हणजे जवळजवळ एक.

खोली नंबर १९

निकालाच्या रात्री आमच्या रूममेटने दार आतून लावून घेतलं. पाच विषय गेले होते. फोन बंद. आवाज दिला तर, "झोपू दे." आम्हाला ते बरं वाटेना. वॉर्डनना कळवलं, ते येऊन शांतपणे बोलून जिन्यात बसून राहिले. आम्ही चौघांनी दाराबाहेर सतरंजी टाकून मेंढीकोट मांडला. मुद्दाम मोठ्याने, मुद्दाम चुकीचं. एक जण दर डावात हुकूम विसरायचा. पावणेदोनला दार उघडलं. "गाढवांनो, बदामाची दुरी पडून गेलीय मघाशी." बसला आणि पत्ते पिसले.

सकाळी वॉर्डननी त्याच्या घरी फोन लावला, त्याच्यासमोर. तो आता कोल्हापूरला असतो. पत्त्यांत अजून चिडतो.

धागाकर्ती

'खोली नंबर १९' यांच्या प्रतिसादाखाली एकच नोंद करते. कुणी अशा रात्रीत असाल किंवा बंद दाराबाहेर असाल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

रेघवाले सर, इलेक्टिव्हची पुढची बैठक झाली की कळवा.

सीडी प्लेअर

मीच तो भाचा. मावशी, ६२ नव्हते, ६१.५ होते. त्यांनी वर ढकलले.

लातूर एक्स्प्रेस, आमच्या विंगेत त्या पेपरांचं आता ड्राइव्ह फोल्डर आहे, सगळ्यांना खुलं. तरी आरजी होतेच, फोल्डरचं नाव कुणीतरी दर आठवड्याला बदलतं.

आणि आईने पेढे वाटले. समोरच्या काकूंनी विचारलं किती पडले, तर म्हणाली, "६२, फर्स्ट क्लास." मी आत होतो, काही बोललो नाही. पेढे कंदी होते, साताऱ्याचे. चार खाल्ले.