मदत हवी आहे: मॅक फिल्टर लावल्यावर फोनच जोडले जात नाहीत

आमच्या अभ्यासिकेचं वायफाय मी सांभाळतो. पासवर्ड कितीही बदला, बाहेर फुटतोच. म्हणून राउटरवर मॅक फिल्टर लावून, म्हणजे उपकरणाचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क कार्डचा ओळख क्रमांक) तपासून, नोंदलेल्या उपकरणांनाच परवानगी दिली. लॅपटॉप निमूट चालतात, रडगाणं फोनचं. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून बहुतेक फोन वायफायला खऱ्याऐवजी रँडम मॅक पत्ता दाखवतात. मग प्रत्येकाला आमच्या नेटवर्कपुरतं ते बंद करायला लावू, की रँडम पत्ताच यादीत टाकू? नेटवर्क ‘फर्गेट’ केल्यावर तो बदलतो का?

तसा मॅक पत्ता हवेत उघडाच जातो, नक्कल करणं अवघड नाही. त्यापेक्षा जुन्या पीसीवर रेडियस सर्व्हर (प्रत्येकाचं लॉगिन तपासणारा सर्व्हर) बसवून प्रत्येकाला वेगळं युजरनेम-पासवर्ड द्यावं का? राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ एंटरप्राइझ (वायफायला असं वेगवेगळं लॉगिन लावायची सोय) आहे. चाळीसेक मुलांसाठी कुणी हे केलंय का?